पहिला घास तिचा

बारा मार्च १९६६, शनिवार. स्टोव्हवर पातेलं होतं आणि पातेल्यात इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या. मी हातात चिमटा धरून उभी होते आणि दारातून पडवीकडे बघत होते. पडवीत कुत्र्याचं पिल्लू पडलं होतं. त्याच्या पुढ्यात नारळाची करवंटी, करवंटीत भात, भातावर माश्या. पिल्लाला वास येत होता. नाकपुड्या हलत होत्या. पण ते उठत नव्हतं, आणि त्याच्या बरगड्या मला खोलीतून दिसत होत्या.

"मुकं जनावर, पण दुःख करतंय बघा," हिरा पदराने डोळे पुसत म्हणाली. हिरा म्हणजे माझ्या घरमालकिणीची सून. "आयेला नेली तवापासून अन्नाला शिवला नाय. पाणी तेवढं पितो. असा किती दिवस जगंल, नर्सबाय?"

"फार नाही," मी म्हटलं.

ते दुःख करतंय हे मात्र मला पटत नव्हतं. पिल्लू आधी करवंटीकडे बघायचं, मग हिराच्या तोंडाकडे, मग माझ्या तोंडाकडे आणि पुन्हा करवंटीकडे. शोकात बुडालेलं कोणी असं बघत नाही. दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं असं बघतात. ते पिल्लू परवानगीची वाट बघत होतं, आणि परवानगी देणारी बाई मुंबईच्या इस्पितळात पोटाला टाके घालून पडली होती.

ती बाई म्हणजे माझी घरमालकीण. ती नंतर बरीच वर्षं जगली, त्यामुळे हे काही तिच्या आठवणीने गहिवरून लिहिलेलं नाही. उलट तिच्या घरात काढलेली वर्षं आठवली की मला अजूनही पहिल्यांदा धक्काच आठवतो. एक असा नाही, एकामागून एक.

सातपाटीला नर्स म्हणून माझी बदली झाली तेव्हा मला कोणी खोली देईना. जात आडवी आली असं नाही, त्यांना भीती होती माझ्या नाकाची. "तुमाला मासळीचा वास सोसायचा नाय," असं लोक तोंडावर सांगत. शेवटी या घरी आले. म्हातारी ओट्यावर पाय पसरून मिश्री लावत होती. रुंद पावलं, गुडघ्यापर्यंत कासलेलं लुगडं, दंड पुरुषासारखे. तिने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"वास येल," ती म्हणाली. "येऊ दे. वासानं कोण मेलंय?"

पुढचं बोलणं सुनेवर टाकून ती उठून आत गेली. ती निघून गेली म्हणजे खोली मिळाली, हे मला हिराने समजावून सांगितलं.

पिल्लू तिने मासळीच्या टोपलीतून आणलं. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका नावेखाली कुत्री व्याली होती. कुत्री मेली, बाकीची पिल्लं कुठे गेली देव जाणे, हे एक उरलं. सातपाटीत कुत्रं पाळत नाहीत असं नाही, पण ज्या घराची मासळी उघड्यावर सुकते त्या घराने कुत्रं आणणं म्हणजे चोराला किल्ली देणं. सगळी आळी तसं म्हणाली. तिने ऐकून घेतलं आणि पिल्लाला नाव ठेवायलासुद्धा नकार दिला.

"नाव ठेवलं की जो तो हाक मारतो," ती म्हणाली. "कोणाच्याबी हाकेला जो गेला तो फुकट गेला."

थोड्याच दिवसांत, एका सकाळी मी दवाखान्याला निघाले होते आणि मागच्या अंगणातून किंकाळी आली. बारीक, चिरकी. मी पिशवी टाकून धावले. म्हातारी जमिनीवर बसली होती. पिल्लाने तिचं बोट दातात धरलं होतं, आणि ती, साठी ओलांडलेली, नातवंडांची आजी, गळा ताणून कुत्र्याच्या पिल्लासारखी केकाटत होती. पिल्लाने दचकून बोट सोडलं. तिने लगेच त्याच्याकडे पाठ केली आणि भिंतीला तोंड करून बसली.

"काय झालं? काय झालं?" मी म्हटलं.

"कुटं काय?" ती भिंतीकडे बघतच बोलली. "चावला. लागतं म्हणून त्याला कळाया नको?"

"मग एक चापट द्यायची."

आता ती वळली. "चापट मारून त्याला काय कळंल? म्हातारी मारते, एवढंच. मग हातालाच भील. हाताला भ्यालेलं कुत्रं हातात येत नाय, गो बाय. मग त्याला शिकवायचं काय, दगड मारून?"

पुढे हे रोजचं झालं. चावलं की ती केकाटायची आणि पाठ करायची. आळीतली पोरं तिची नक्कल करायची. मला रस्त्याने जाताना शरम वाटायची. पण पिल्लाचे दात हळूहळू नरम पडले. ते बोट तोंडात धरून थांबायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं आणि सोडून द्यायचं.

सारवलेल्या जमिनीवर ते मुतलं की हिरा केरसुणी उगारायची. म्हातारी केरसुणी काढून घ्यायची, पिल्लाला बाहेर ठेवायची आणि त्याला दिसणार नाही अशा बेताने जमीन पुसायची. झोपून उठलं की, खाऊन झालं की, ती त्याला उचलून घराच्या मागे वाळूत न्यायची आणि शेजारी बसून राहायची. उन्हात. एकदा नाव किनाऱ्याला लागली, टोपल्या उतरल्या, सगळ्या बायका पुढे धावल्या, आणि ही मागे वाळूत बसलेली, पिल्लू कधी मुततंय याची वाट बघत. हिरा हाका मारून थकली.

"आये, चांगली मासळी सगळी उचलतील लोकं!"

"उचलू दे. याचं व्हायचंय अजून."

आणि झालं की तिचा आनंद बघवत नसे. "शाणा माझा! राजा माझा!" आवाज पार धक्क्यापर्यंत जायचा. तिचा थोरला मुलगा, हिराचा नवरा पांडू नावेचा तांडेल होता, म्हणजे नाव त्याच्या हुकमाने चालायची. तो एकदा मला म्हणाला, "मी पयल्यांदा नाव एकट्यानं घरी आणली, वादळातून. तवा आयेनं फक्त विचारलं, जेवलास का."

याच पांडूची एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही बाई कळायची नाही. त्या वर्षांत सुताची जाळी जाऊन नायलॉनची येऊ लागली होती. पांडूने नवं नायलॉनचं जाळं आणलं, किनाऱ्यावर पसरलं, आणि पिल्लाने त्याचा एक कोपरा चावून कुरतडला. पांडूने त्याला लाथ मारली. पिल्लू कोलमडत वाळूत जाऊन पडलं. मी तिथे होते. एका खलाशाच्या पायात काटा मोडला होता तो काढत होते. म्हातारी टोपली खाली ठेवून सरळ चालत आली आणि तिने पांडूच्या थोबाडीत मारली. तीस वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप, त्याचे सगळे खलाशी समोर उभे. आवाज असा झाला की मी ज्याचा पाय धरला होता तो खलाशी उडाला आणि काटा आतच राहिला.

 पांडूच्या गालावर बोटं उमटली होती.

"आये!" तो म्हणाला. "कुत्र्याला मारलं म्हणून मला?"

"त्याला मारलंस कशापायी ते त्याला ठावं नाय," ती म्हणाली. "तुला मारलं कशापायी ते तुला ठावं हाय. हाय का नाय?"

पांडूने मान खाली घातली. ती टोपली उचलून गेली. मी काटा पुन्हा शोधायला लागले. त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की ही बाई मायाळू आहे. मायेचा यात संबंध नव्हता. तिच्या लेखी मार कळणाऱ्याला द्यायचा होता, न कळणाऱ्याला नाही. आणि हे ती इतक्या सरळपणे मानत होती की मला भीती वाटली.

माझ्या बाबतीत तिने हात उचलला नाही, पण मीही सुटले नव्हते. घराच्या मागे माडाच्या झावळ्यांचा झाप होता, दाराच्या जागी. मी घाईत तो उघडा टाकून जायची आणि पिल्लू रस्त्यावर यायचं. तिने मला एकदाही सांगितलं नाही की झाप लावत जा. ज्या दिवशी उघडा राहायचा त्या दिवशी ती माझ्याशी बोलायची नाही. मी समोर आले की तिची पाठ. ज्या दिवशी लावलेला असायचा त्या संध्याकाळी माझ्या खिडकीत सोललेलं शहाळं असायचं. बरेच दिवस मला वाटत होतं की शहाळी अशीच, माडावर जास्त झाली म्हणून येतात. मग एका संध्याकाळी शहाळं पिता पिता माझ्या लक्षात आलं, आणि पाणी माझ्या नाकात गेलं. मी सरकारी नोकरीतली बाई, हाताखाली दाई असलेली, आणि मला शहाळ्यावर शिकवलं जात होतं! दुसऱ्या दिवशी रागाने मी झाप मुद्दाम उघडा टाकणार होते. टाकला नाही. हात आपोआप गेला आणि झाप लागला.

पण खरी परीक्षा होती खळ्यावर.

खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. बांबूंचे उंच मांडव, त्यावर बोंबील जोड्यांनी लटकवलेले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून. ते कुत्र्याच्या तोंडी लागत नाहीत. पण जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, खाली जमिनीवर पसरलेला असतो, आणि तिथे कुत्रं दिसलं की बायका दगड घेतात. ज्या दिवशी म्हातारी पिल्लाला दोरीला बांधून खळ्यावर घेऊन आली त्या दिवशी शेजारच्या जागेवरची गंगू कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"डोकं फिरलं काय गो तुजं? खळ्यावर कुत्रा?"

"राखणीला," म्हातारी म्हणाली.

"कोणाची राखण? त्याची का मासळीची?"

बायका हसल्या. मग हसणं थांबलं आणि ठरलं ते असं: पिल्लाने कोणाच्याही जवळ्याला एकदा जरी तोंड लावलं तर त्याला पोत्यात घालून खाडीपलीकडे मुरबे गावाच्या बाजूला सोडायचं. एवढंसं पिल्लू तिकडे सोडणं म्हणजे मारणंच.

"पोतं मीच आणीन," म्हातारी म्हणाली, आणि जवळ्याच्या कडेला पिल्लाला घेऊन बसली.

ती काय करायची ते मी येता-जाता बघत असे. पिल्लू जवळ्याकडे ओढ घ्यायचं. ती दोरी ओढायची नाही, नुसती घट्ट धरून पाठ करायची. ओढ घेऊन घेऊन ते दमायचं आणि कधीतरी तिच्याकडे बघायचं. बघितलं की ती लगेच वळायची, कनवटीचा सुका बोंबील काढायची, आणि मग ते करायची जे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ओकारी आली. बोंबलाचा तुकडा ती आधी स्वतः तोडून खायची. चावून, गिळून. मग उरलेला करवंटीत ठेवून पिल्लापुढे सरकवायची. घरीही तसंच. पिल्लाची करवंटी भरली की पहिला घास तिचा, त्याच करवंटीतून, त्याच्या डोळ्यांदेखत. तिने खाल्लं नाही तोवर पिल्लाला मिळायचं नाही. पुढे पुढे तर समोर भरलेली करवंटी ठेवून ती निघून गेली तरी पिल्लू तोंड लावायचं नाही.

"आजी, जंत होतील," मी सांगितलं. "कुत्र्याच्या भांड्यातलं खातेस?"

"झाले जंत तर तू हायेस ना औषद द्यायला."

"पण कशासाठी हे?"

तिने पिल्लाच्या कानामागची वाळू झाडली. मग म्हणाली, "आदी एक होता माजा. मोठा होता, काळा. कोणीतरी माशाच्या डोक्यात काय घालून टाकलं. माज्या दारात तडफडून गेला. तवाच ठरवलं. माणसानं खाल्लेलं दिसल्याबिगर माजा कुत्रा खाणार नाय."

 हिराला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं सासूला वय झाल्यामुळे कुत्र्याबरोबर जेवायचं वेड लागलंय, आणि ती ते लपवायचा प्रयत्न करायची.

थंडी सरता सरता ती सकाळ आली. मी खळ्यावर एका बाळंतिणीला बघायला गेले होते. तिला घरी पडून राहायला सांगितलं होतं आणि ती अर्थातच मासळी उलटवत होती. पिल्लू म्हातारीच्या जागेवर बसलं होतं, आता दोरीशिवाय. म्हातारी पाणी आणायला गेली होती. पिल्लापुढे माशाचं एक मोठं, ताजं डोकं पडलं होतं. कोणी टाकलं ते मी बघितलं नाही. पिल्लाची लाळ वाळूत गळत होती. ते माशाच्या डोक्याकडे बघत होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे बघत होतं, आणि हलत नव्हतं.

वरून कावळा आला. त्याने डोकं ओढत बाजूला नेलं आणि टोचून खाल्लं. थोड्या वेळाने तो मांडवाखाली पडला. पंख आपटले, चोच उघडी टाकली, गोल फिरला आणि मेला.

 मी बरीच मरणं बघितलेली बाई, पण मला कोणाच्या तोंडाकडे बघवेना. कारण ते विष टाकणारी त्या बायकांतच होती. मी ज्यांची बाळंतपणं केली त्यांतलीच कोणी.

म्हातारी हंडा घेऊन आली. तिने कावळा बघितला, माशाचं डोकं बघितलं, पिल्लू बघितलं. हंडा खाली ठेवला. कावळ्याचा पाय धरून त्याला उचललं आणि ती खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली, प्रत्येकीच्या समोरून. कोणाकडे बोट केलं नाही, शिवी दिली नाही. परत येऊन तिने कावळा आपल्या मांडवाला टांगला. कावळे दूर राहावेत म्हणून मेलेला कावळा तिथे टांगतातच. मग तिने कनवटीचा बोंबील काढला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा पिल्लाला दिला.

गंगू मटकन खाली बसली. तिने टाकलं होतं म्हणून बसली की पाहवलं नाही म्हणून, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर मुरब्याचं नाव कोणी काढलं नाही.

आणि मग शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या पोटात दुखू लागलं. मला बोलावलं तेव्हा पोट दगडासारखं झालं होतं आणि उलट्या थांबत नव्हत्या. हे इंजेक्शनचं काम नव्हतं. तारापूरला मोठं बांधकाम चाललं होतं तिथली एक जीप मासळी घ्यायला आली होती. मी ड्रायव्हरची पापलेटं खाली उतरवली आणि म्हातारीला चढवलं. त्याने हिंदीत कुरकुर केली, मी मराठीत ओरडले, जीप निघाली. पालघर, तिथून गाडीने मुंबई. पांडू बरोबर गेला.

त्याच संध्याकाळी भावकी जमली आणि देवीला नवस बोलली: म्हातारी आपल्या पायांनी घरात येईपर्यंत कोणी तोंडात मासळी घालणार नाही. सगळी आळी एकमेकांची नात्यातली, त्यामुळे सगळी आळी नवसात. ज्या गावात सकाळी भाकरीबरोबरसुद्धा मासळी लागते तिथे चुलीवर डाळ शिजू लागली. मांडव बोंबलांनी भरलेले आणि खाणारं कोणी नाही.

पिल्लापुढे मात्र सगळं येत होतं. हिरा भात ठेवायची, गंगूने अंडं आणलं, कोणी दूध आणलं. ठेवायच्या, डोळे पुसायच्या, जायच्या. स्वतः कोणी घास घेतला नाही. कुत्र्याच्या करवंटीतून कोण खाणार? आणि पिल्लू शिकवल्याप्रमाणे बसून होतं. ज्या शिकवणीने त्याला वाचवलं तीच आता त्याला उपाशी मारत होती.

म्हणून त्या शनिवारी मी सुया उतरवल्या, स्टोव्ह बंद केला, करवंटीतला भात फेकला आणि तीत माझा दहीभात घातला. पिल्लासमोर बसले. चिमूटभर भात उचलून तोंडात घातला.

"नर्सबाय!" हिराने पदर तोंडात कोंबला.

पिल्लू उठलं. पाय लटपटत होते, पण उठलं. पुढे आलं, वास घेतला, दोनदा चाटलं. मग तिथेच बसलं आणि मान खाली टाकली.

"बघितलंस?" मी म्हटलं. "दुःख नाही, काही नाही. सासूची शिकवण आहे. आपण आधी खाल्लं की खातं."

"मग खाल्लं का नाय?"

"इतके दिवस उपाशी आहे. तापातून उठलेलं पोर पेजेकडून तोंड फिरवतं. त्याला जिभेला ओळखीचं काहीतरी पाहिजे. बोंबील भाज आणि एक घास तू खा."

हिरा मागे सरकली. "मी? नवस हाय, बाय! मी मासळी खाल्ली आणि तिकडं आयेला काय झालं तर?"

मी गंगूकडे गेले. तिने कानांना हात लावले. नवसाच्या धाकाने लावले की कुत्र्याच्या करवंटीच्या किळसाने, तीच जाणे. आणखी दोन घरी तेच. पिल्लू मरू दे असं कोणाच्या मनात नव्हतं, पण म्हातारी मरू नये हे सगळ्यांच्या मनात होतं. मला त्यांना नावं ठेवता येईनात.

सूर्य बुडायच्या सुमाराला पांडू झापाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं आत्ताच मुंबईहून आला.

"कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय. बोलते. शिव्या देते." तो आत येईना. "कालच आलो मी. कालपासून नावेवरच हाय."

"घर सोडून नावेवर का?"

"तुमाला टाळायला."

त्याच्या त्या धिप्पाड देहाला असं अवघडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. म्हातारी शुद्धीवर आल्या आल्या तिने विचारलं होतं, पिल्लाला आधी कोण खाऊन दाखवतंय? पांडूने नवसाचं सांगितलं. त्यावर ती टाके विसरून भडकली.

"म्हणाली, मी जिती हाय आणि तुमी मासळी सोडता? मेले असते तर काय गाव सोडलं असतं?"

"मग नवस मोडा म्हणाली?"

"नाय. देवीशी बोललेलं मोडायचं नाय म्हणाली." पांडूने पायाने वाळू उकरली. "म्हणाली... नर्सबायला सांग. तिला नवस नाय. तिचा हात त्याला ठावा हाय. ती खाईल बोंबील."

मी उठून झापापर्यंत गेले.

"खाईल का विचार, असं म्हणाली?"

"नाय," पांडू म्हणाला. "खाईल, म्हणाली."

माझ्या माहेरी अंडं हा शब्द जेवताना उच्चारायची सोय नव्हती. मी वाईची. इथे आल्यापासून मी माझी चूल वेगळी, भांडी वेगळी, पाण्याचा तांब्यासुद्धा वेगळा ठेवला होता, आणि ते त्या घराने कधी वाईट मानलं नव्हतं. हे सगळं म्हातारीला माहीत होतं. माहीत असून, इस्पितळाच्या खाटेवर पडून, पोट शिवलेलं असताना, तिने मला हिशेबात धरलं होतं. न विचारता. मला इतका धक्का बसला की रागावायचंसुद्धा सुचलं नाही. मला या क्षणासाठीच तिने शहाळी पाजली, असं कोणी म्हणेल. तसं काही नसावं. तिला एक माणूस हवं होतं आणि नवसाबाहेरचं माणूस मी एकटी होते.

"तुमी नाय म्हणा," पांडू म्हणाला. "मी सांगीन तिला, पिल्लू आदीच गेलं म्हणून."

"आणि ती विचारेल, आधी म्हणजे कधी."

 पांडूचा हात गालाकडे गेला.

मी खूप विचार केला असं लिहायला हवं, पण मी जेवून झोपले.

सकाळी उठून मी करवंटी राखेने घासली. पांडूने अंगणातल्या चुलीत बोंबील भाजून दिला. भाजायला नवसाची आडकाठी नव्हती. बातमी कशी पसरली कोण जाणे, आळीतल्या बायका झापाबाहेर उभ्या होत्या, गंगू सगळ्यात पुढे. मी पडवीत बसले, पिल्लाच्या समोर. बोंबील करवंटीत ठेवला, तिच्यातूनच उचलला आणि एक तुकडा तोडला. तो दातांखाली लाकडासारखा लागला, मग एकदम खारट. वास नाकातून डोळ्यांत चढला. मी चावत राहिले. पिल्लू उठून उभं राहिलं होतं.

तेवढाच एक तुकडा करवंटीत टाकून मी ती पुढे सरकवली. ते आलं नाही.

"आता काय झालं?" हिरा रडवेल्या आवाजात म्हणाली.

मलाही कळेना. मी त्याच्याकडे बघितलं आणि मग कळलं. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. गळ्याकडे बघत होतं. मी घास गालात धरून ठेवला होता, कोणाचं लक्ष नसताना थुंकता येईल म्हणून.

"गिळा वो, बाय," गंगू बाहेरून हळू आवाजात म्हणाली.

मी गिळला.

पिल्लू दोन पावलं पुढे आलं आणि खाऊ लागलं. बाहेर कोणीतरी नाक शिंकरलं. तुकडा संपला तसं त्याने मान वर केली आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. बोंबील अजून अर्ध्याहून जास्त माझ्या हातात होता. मी दुसरा तुकडा तोडला आणि तोंडात घातला.